बेतलेली पत्रं

खोका चौदा, फोल्डर नऊ.
बाहेर बंदरावर धुकं. भोंगा दर अर्ध्या मिनिटाला
कोणालातरी काहीतरी विचारतो
आणि उत्तराआधीच गप्प होतो.
वाचनालयाच्या तळघरात मी आणि हीटर,
दोघंही जरा खोकतोय.

पहिले तेरा खोके ॲसाहेल व्हिटकोमचे.
त्याला आलेली पत्रं, त्याने धाडलेल्यांच्या त्यानेच ठेवलेल्या नकला
(पुढे आपण कोण होणार हे आधीच ठाऊक असलं की माणूस असं करतो),
प्रकाशकाचे तगादे,
पाद्री लूमिसची पानभर स्तुती आणि तळाशी
वीस डॉलर उसने मिळतील का.
देवमाशाच्या तेलाचे डाग.
एका हस्तलिखिताच्या पाठीवर
बायकोने, लव्हिनियाने, मांडलेला हिशेब:
काकवी दोन गॅलन, दोरा,
मुलाच्या शवपेटीचे साडेतीन डॉलर,
पुन्हा काकवी.
हे कुठल्या विषयाखाली लावायचं
मला दोन दिवस कळलं नाही.
घरखर्च, असं लिहिलं शेवटी.

चौदावा खोका 'इतर'.
इतर म्हणजे केझाया.
लव्हिनियाची धाकटी बहीण, बिनलग्नाची,
माडीवरच्या खोलीत राहायची आणि त्याच्या कादंबऱ्या
सुवाच्य करून द्यायची.
हा शब्द प्रस्तावनांमधला. सगळे अभ्यासक
तो तसाच पुढे नेतात, सुवाच्य करून.

तिची पत्रं मेहिटेबल डोनला.
टपाल महाग, म्हणून पान आडवं भरलं
की फिरवून त्यावरच उभं लिहायची,
ओळींवर ओळी, विणायला घेतल्यासारख्या.
वाचताना मी मान वाकडी करते, मग कागद, मग पुन्हा मान.
प्रत्येक पत्राच्या तळाशी एकच वाक्य:
वाचलंस की जाळ.

मेहिटेबलने जाळली नाहीत.
ती शिवणकाम करायची. कागद जाड, चांगला.
सहा पत्रं कडेला कडा लावून टाचली
आणि त्यांवर बाही बेतली.
खांद्याला फुगीर, कोपराशी वाकलेली, मनगटाला निमुळती.
कडेने टाचण्यांची भोकं,
काखेपाशी पेन्सिलीने: अर्धा इंच सोड.
किती झगे निघाले असतील हिच्यावरून,
किती हात चर्चमध्ये, कोंबड्यांमागे,
मासळीच्या पिंपात कोपरापर्यंत.
अस्तनीतला निखारा म्हणतात
तो इतका थंड, इतका कामाचा असतो
हे मला माहीत नव्हतं.

कात्री मात्र वाचत नाही.
दंडाच्या वळणावर वाक्यं तुटतात.
लव्हिनिया आज थोडं जे
छपराची गळती पुन्हा
आणि कोपराच्या जरा वर, उभ्या ओळींत:
मी त्यांना म्हटलं, कॅप्टनला परत आणू नका. दार
उघडंच राहू दे. शेवटचं पान मी

एवढंच. पुढे कड.
शेवटचं पान मी काय?
उतरवून काढलं? लपवलं? वाचून रडले?
'लिहिलं' बसेल एवढी जागा तिथे होती.
'पुसलं' सुद्धा बसलं असतं.

त्या उघड्या दाराची गावात पाटी आहे.
शाळेतली मुलं दरवर्षी त्यावर निबंध लिहितात.
मीही लिहिला होता. बरा आहे, असा शेरा मिळाला.

कापून पडलेली चिंधी चुलीत गेली असणार.
म्हणजे तेवढं तरी
मेहिटेबलने तिचं ऐकलं.

सूचीत एका नोंदीला एकच ओळ मिळते.
बाहीचा कागदी बेत, डाव्या हाताचा. सहा पत्रं. अपूर्ण.
उजव्या हाताला तोच कागद पालथा घालायचा असतो,
हे मला आईने शिकवलं होतं;
त्यासाठी रकाना नाही.

पाच वाजता दिवे घालवायच्या आधी
स्वेटर वर सारला आणि हात तिच्या शेजारी
टेबलावर ठेवून पाहिला.
मनगटाशी जरा तोकडी होते.